बर्गर आणि बाबांचा डावा हात

आमच्या घरात जेवताना डाव्या हाताला काम एवढंच, की पाण्याचा पेला उचलायचा आणि पळी धरून वाढून घ्यायचं. बाकी वेळ त्याने मांडीवर पडून राहायचं. तांदळाची भाकरी कितीही चिवट झाली तरी ती उजव्याच हाताने, अंगठ्याखाली दाबून तोडायची. हे मला कुणी बसवून शिकवल्याचं आठवत नाही. लहानपणी कधी डावा हात ताटाकडे गेलाच, तर बाबा नुसते बघायचे. ओरडायचे नाहीत. तेवढ्याने हात आपोआप मागे यायचा.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. डॉक्टरांनी औषधांचं सांगितलं, चालण्याचं सांगितलं, रक्तदाबाची वही लिहायला सांगितली. जेवणाचं काय, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. बोलणं परत आलं. पाय थोडा ओढत का होईना, चालायला लागले. हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. एमआयडीसीतल्या कारखान्यात उभा जन्म फिटरचं काम केलेला हात होता तो. आता रोज सकाळी आई तो सदऱ्याच्या बाहीत घालायची आणि तेवढा वेळ बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे.

घरी आल्यावर पहिले काही दिवस आईने भरवलं. मग एके दिवशी त्यांनी चमचा मागून घेतला, डाव्या हातात धरला आणि आईला ताट आतल्या खोलीत ठेवायला सांगितलं. स्वतः मागून गेले आणि दार लोटून घेतलं. त्या दिवसापासून ते आतच जेवायला लागले. आई बाहेर उंबऱ्याशी बसून राहायची, चमचा ताटावर वाजतो का ते ऐकत. ताट बाहेर आलं की मग ती स्वतःचं वाढून घ्यायची. शिरवण्याच्या त्या घरात आम्ही सगळे माझं लग्न होईपर्यंत एका ओळीत, एका वेळी जेवलो होतो. आता तिथे दोनच माणसं उरली होती आणि तीही वेगवेगळी जेवत होती.

मी राहते दहा मिनिटांवर, नेरूळच्या एका सोसायटीत. माझा स्वभाव तापट. कुणाचं दुःख दिसलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, मला आधी राग येतो. हे चांगलं नाही, पण आहे ते आहे. मी तडक शिरवण्याला गेले आणि बाबांशी भांडले.

"कोण बघतंय तुम्हाला? घरात आई आहे, नाहीतर मी. आमच्यासमोर कसली लाज?"

"मी बगतंय ना," बाबा म्हणाले.

पण तेवढ्यावर थांबेन तर ती मी कसली.

माझ्या सासरी गणपती असतो. त्या वर्षी मी बाबांना आग्रह करकरून घरी आणलं. हॉलमध्ये सतरंज्या टाकून पंगत बसली होती. सासरची माणसं होती, सोसायटीतली दोन-तीन घरं होती. बाबा म्हणत होते, "मी मागून जेवतंय, तुमी बसा." मी ऐकलं नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं, पुढे स्टूल ओढलं, त्यावर पान मांडलं. मोदक फोडला, त्यात तूप सोडलं आणि सगळ्यांच्या देखत घास त्यांच्या तोंडाशी नेला. मला वाटत होतं, एकदाची ही लाज मोडून काढावी म्हणजे झालं. माझ्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "किती करते हो तुमची लेक!" त्या अगदी चांगल्या मनाने म्हणाल्या. बाबांनी तो घास खाल्ला. खाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मग खुर्चीचा दांडा धरून उठले आणि चपला न घालताच लिफ्टपर्यंत चालत गेले.

मी आयुष्यात पुष्कळ चुका केल्या आहेत आणि बहुतेक विसरूनही गेले आहे. ही विसरता येत नाही. त्यानंतर बाबा आमच्याकडे यायचे, चहा घ्यायचे, नातीचा अभ्यास बघायचे, पण जेवायची वेळ झाली की त्यांचं पोट बरं नसायचं. सहा-आठ महिने त्यांचं पोट बरं नव्हतं. लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडलं, कारण लग्नात जेवावं लागतं. चुलतभावांकडे जाणं सोडलं, कारण तेही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आणि बोलणंही कमी झालं. आमच्याकडे गप्पा व्हायच्या त्या ताटावरच. कारखान्यातले किस्से, गावातली भांडणं, कुणाच्या खाडीकडच्या जमिनीचं काय झालं, सगळं बाबा भाकरी मोडता मोडता सांगायचे. ताट आत गेलं, तसं हेही आत गेलं. मला भीती होती ती याची. हात आला तर आला, नाहीतर नाही. पण माणूस असा घरातल्या घरात, दाराआड, थोडा थोडा नाहीसा होत जातो की काय, या विचाराने मला धडकी भरायची. आईलाही तीच भीती होती. ती बोलून दाखवायची नाही, पण तिचं जेवण कमी झालं होतं.

मे महिन्यातली गोष्ट. वार बुधवार. बाबांची फिजिओथेरपी असते त्या दवाखान्यात त्या दिवशी बराच उशीर झाला. आई आणि मी होतोच, मुलीला सुट्टी होती म्हणून तीही सोबत होती. नऊ वर्षांची आहे, आणि भूक लागली की ती आजूबाजूला कुणाला जगू देत नाही. आम्ही चौघं बाहेर पडलो तेव्हा दीड वाजून गेला होता. समोरच्याच इमारतीत खाली बर्गरचं रेस्टॉरंट. मुलीने माझ्या ओढणीचा शेव धरला तो सोडेचना.

"तुमी खाऊन या," बाबा म्हणाले. "मी हितं बाकरावर बसतंय."

बाकडं उन्हात होतं आणि ऊन असं होतं की डांबराचा वास येत होता. मी काही बोलणार तेवढ्यात आई त्या बाकड्याशी जाऊन उभी राहिली. "मंग मी पन हितंच बसतंय. दोगं मिलून तापूया." तिने बूड टेकलं आणि लगेच "आई गं" म्हणून उठलीच. बाबांना हसू आलं. झटक्यानंतर त्यांच्या हसण्यात ओठांची एकच बाजू वर जाते. ते म्हणाले, "चला. पन मी नुसता बसंन."

आत गारेगार होतं. ऑर्डर पडद्यावर बोटाने दाबून द्यायची होती. आईला ते पटलं नाही. समोर माणसं उभी असताना भिंतीशी काय बोलायचं, असं तिचं म्हणणं. तिने सरळ काउंटरवरच्या मुलीकडे जाऊन चार ताटं मागितली. "मॅडम, ताट नाही मिळत इथे, ट्रेमध्येच देतो," ती मुलगी हसून म्हणाली आणि वर भरपूर टिश्यू पेपर दिले. आई ते घेऊन आली आणि केळीची पानं मांडावीत तसे तिने ते टेबलावर चार ठिकाणी नीट अंथरले. चौथा बाबांच्या पुढे. सवयच ती.

पडद्यापाशी मी माझ्या मुलीला म्हटलं, "तीनच घे. आजोबांना नको आहे." हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने. मला वाटलं, आता कुणी आग्रह करणार नाही हे कळलं की ते निवांत बसतील. खरं सांगायचं तर त्यात थोडी चिडही होती. सारखं नको नको ऐकून मीही दमले होते.

ट्रे आला तर त्यात चार खोकी.

"हे चौथं कुणाचं?"

"आजोबांचं," मुलगी म्हणाली. "मम्मा, टेन्शन नको घेऊ. त्यांना नको असेल तर मी खाईन ना."

तिने ते खोकं सरकवून बाबांच्या टिश्यूवर ठेवलं आणि स्वतःचं उघडलं. गणपतीतला तो मोदकाचा घास माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आज काहीही झालं तरी एक शब्द बोलायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं. माझ्यासारखीला हे किती कठीण आहे हे माझ्या नवऱ्याला विचारा.

आईने माशाचा बर्गर घेतला होता. तिने शिरवण्याच्या बाजारात अर्धं आयुष्य मासळी विकली, तेव्हा तिच्यापुढे मासा ठेवणं म्हणजे तो तपासणीला देणंच. तिने वरचा पाव उचलून बाजूला ठेवला. आतली वडी बोटाने दाबली. वास घेतला. उलटी करून पाहिली.

"काटा नाय, कातडी नाय, वास नाय," ती म्हणाली. "यो मासा हाय ह्याला पुरावा काय?"

"आजी, फिश आहे. वर लिहिलंय बघ."

"लिवलेला मी खात नाय बाय." मग एक तुकडा तोंडात टाकून तिने डोळे बारीक केले. "हाय. मासाच हाय. पन बरफात लई दिवस झोपलाय."

"आजी, असा नाही खायचा. सगळं एकत्र धरायचं. दोन्ही हातांनी."

"दोनी?"

"हो. नाहीतर सगळं खाली पडतं."

आईने कधी नव्हे तो डावा हात जेवणाला लावला. पाव दोन्हीकडून धरला, पहिल्यांदा सासरी जेवायला बसलेल्या नवरीसारखी इकडेतिकडे पाहिलं आणि एक बारीकसा लचका तोडला.

बाबा हे सगळं बघत होते. मग त्यांनी बाजूच्या टेबलाकडे बघितलं. तिथे ऑफिसातली दोन माणसं बसली होती, गळ्यात ओळखपत्रं लटकलेली. दोघांचीही दोन्ही कोपरं टेबलावर आणि तोंडात बर्गर. पलीकडे कॉलेजच्या मुली होत्या. त्यातली एक उजव्या हाताने फोन चाळत होती आणि डाव्या हाताने बटाट्याचे काप उचलून खात होती. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. बाबा मात्र बघत राहिले, अगदी बराच वेळ. कारखान्यात नवीन मशीन आलं की त्याच्याभोवती असे उभे राहायचे म्हणे, हात न लावता.

मग त्यांनी नातीला हळूच विचारलं, "हितं समदे दोनी हातानं खातात?"

"सगळे," ती तोंडात घास ठेवूनच म्हणाली. "आजोबा, इथे चालतं."

बाबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि टेबलावर, खोक्याच्या कडेवर ठेवला. हाताच्या वजनाने खोकं दबून राहिलं. मग डाव्या हाताच्या बोटांनी ते झाकणाची खाच सोडवू लागले. झाकण निघेना. माझा हात पुढे गेला. तो अर्ध्या वाटेत असतानाच टेबलाखाली आईच्या गुडघ्याने माझ्या गुडघ्याला अशी ढुशी दिली की मी हात मागे घेतला. आई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती तिच्या बर्गरकडे बघत होती.

झाकण उघडलं. बाबांनी बर्गर डाव्या हातात घेतला. पहिला घास ठीक गेला. मी मुलीच्या शाळेविषयी काहीबाही बोलत होते, काय ते आता मला अजिबात आठवत नाही. दुसऱ्या घासाला मात्र आतलं सगळं मागच्या बाजूने घसरलं. पत्ताकोबी, टोमॅटो, तो पांढरा सॉस. थोडं टेबलावर, बाकीचं सदऱ्यावर.

बाबांनी उरलेला बर्गर खाली ठेवला. त्यांचा चेहरा मला चांगला ओळखीचा होता. गणपतीत लिफ्टपाशी तो मी बघितला होता. आता हे उठणार. आता खुर्ची मागे सरकणार, आणि यापुढे काही खरं नाही. मला तिथेच रडू यायला लागलं, आणि रडू येतंय म्हणून स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात आईचा मासा पडला. पडला कसला, पाव एका हाताला राहिला आणि वडी ट्रेमध्ये, सॉसचा शिंतोडा तिच्या पदरावर. मी बघितलं तर आईने उजवा हात पदराखाली घेतला होता. बर्गर तिने एकट्या डाव्या हातात धरला होता. त्या हाताला ती सवय कुठली असणार? बोटं फाकली होती, पाव एका बाजूला चेपला होता. तिने ती वडी डाव्याच हाताने उचलली, पावात कोंबली आणि पुन्हा तोंडाशी नेली. पुन्हा सांडलं. "मेला, धरवतच नाय," ती मोठ्याने म्हणाली आणि हसली. बाजूच्या ऑफिसवाल्यांनी मान वळवली. आईला पर्वा नव्हती. बाजारात ती याहून मोठ्याने हसायची.

बाबा तिच्या त्या हाताकडे बघत होते.

"उजव्याला काय झाला गो?" त्यांनी विचारलं.

"काय नाय," आई म्हणाली. "तो बसलाय. तुमी खा, थंड होतंय."

आमच्या घरात प्रेमाबिमाचं कुणी बोलत नाही. माझ्या लग्नात बाबा मला "सांभाळ" एवढंच म्हणाले होते. पण त्या टेबलावर माझ्या आईने जे केलं त्याला दुसरा शब्द मला माहीत नाही. आयुष्यभर जो हात तिने ताटापासून लांब ठेवला, तो तिने भर रेस्टॉरंटमध्ये, चार माणसांसमोर उष्टा करून घेतला. का, तर बाबा एकटे पडू नयेत. मी वर्षभर भांडले, समजावलं, मोदक भरवला. आई एक अक्षर बोलली नव्हती.

बाबांनी बर्गर उचलला. या वेळी त्यांनी तो टेबलालगत धरला आणि स्वतः खाली वाकले. सांडायचं ते सांडलं. मध्येच त्यांनी सदऱ्यावरचा टोमॅटो उचलून खाल्ला. पूर्ण बर्गर संपायला त्यांना अर्धा तास लागला आणि आईनेही आपला तेवढाच वेळ पुरवला, कारण ती त्यांच्या वेगाने खात होती. मुलगी सांगत होती की तिच्या वर्गातल्या एका मुलाच्या डब्यात रोज बर्गर असतो. त्यावर बाबा म्हणाले, आमच्या कारखान्यात एक जण होता, तो रोज डब्यात फक्त उकडलेली अंडी आणायचा, आणि मग एकदा काय झालं. मग त्यांनी ते काय झालं ते सांगितलं. तो किस्सा मी लहानपणापासून दहा वेळा ऐकलेला आहे. अकराव्या वेळी मला तो संपूच नये असं वाटत होतं.

आता कुणाला वाटेल की त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं. तसं काही नसतं. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर आई म्हणाली, आतच जेवले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आतच. आई म्हणाली, "तू रविवारी ये. काय बोलू नको मातर."

रविवारी मी मुलीला घेऊन गेले. आईने बोंबलाचं कालवण केलं होतं, भात होता, भाकऱ्या होत्या. तिने बाबांचं ताट वाढलं आणि नेहमीप्रमाणे आत न्यायला उचललं. बाबा दाराशी उभे होते. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाले, "ऱ्हाव दे हितं."

आईने ताट टेबलावर ठेवलं. त्यांच्या शेजारची खुर्ची तिने स्वतः घेतली, आम्ही दोघी समोर. बाबांनी चमचा डाव्या हातात घेतला. आईने उजवा हात पदराखाली सरकवला आणि डाव्या हाताने कालवणभात कालवायला घेतला. बर्गर एक वेळ जमतो. कालवणभात डाव्या हाताने कालवणं म्हणजे नुसता खेळखंडोबा. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता, शितं ताटाबाहेर जात होती, बोंबलाचा काटा तिला काढता येईना. मुलीला हसू आवरत नव्हतं. मी तिला डोळ्यांनीच दटावलं. आई मान खाली घालून, एक एक घास, तशीच जेवत राहिली.

बाबांनी दोन घास खाल्ले. तिसरा चमचा भरला आणि थांबले. आईच्या कोपराकडे बघत म्हणाले,

"तू उजव्यानं जेव गो. मी उठून जात नाय."

आईचा हात ताटातच थांबला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे नाही. मग ती डावा हात धुवायला मोरीकडे गेली, आणि एक हात धुवायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ तिथे पाणी वाहत राहिलं. तोवर बाबांनी चमचा ताटात ठेवून दिला आणि तिची वाट बघत बसले.